जिला विचारायचं राहून गेलं

हैदराबादेत उर्दूतून डॉक्टरकी शिकून मी बीदरच्या एका दवाखान्यात जनाना वॉर्डात लागले, तेव्हा चोवीस वर्षांची होते. माझ्यावर एक मोठे डॉक्टर होते. बायका पडद्याआडून हात पुढे करत, ते नाडी बघत. आत जाऊन तपासायचं काम माझं.

राजेश्वर गावाहून एक बाई सासूबरोबर आली. तिशीतली, शेतात राबणारी, मूलबाळ नाही. महिन्यातले पाच-सहा दिवस ही कामाला उठत नाही, ढोंग करते, असं सासूचं म्हणणं. मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, वहम आहे, नुसता मनाचा खेळ, म्हणाले आणि मन शांत व्हायचं औषध लिहिलं. मूल झालं की सगळं थांबेल, असंही सांगितलं.

मी तिला आत नेलं आणि नेमकं कधी दुखतं ते विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून बोलू लागली.

"इटाळाच्या आधी दोन दिस सुरू होतंय. परसाकडं बसलं की सुरी फिरल्यावानी. आन मालक जवळ आला तरी तसंच." मग म्हणाली, "हे कुणी इचारलंच न्हाई, बाई."

तपासताना गर्भाशयाच्या मागे हाताला कठीण दाणे लागले. गर्भाशय जागचं हलत नव्हतं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर कधी कधी बाहेर, पोटात रुजतं आणि महिन्याच्या महिन्याला तिथेही रक्त साचतं, एवढं मी एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. त्यात या दुखण्याला एकच पान होतं.

तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून मी तिला सुताचे दोरे दिले. रोज एक गाठ मारायची, दुखलं त्या दिवशी दोन, विटाळाच्या दिवशी तीन. चार महिन्यांनी ती चार दोरे घेऊन आली. दुखण्याच्या गाठी दर वेळी विटाळाच्या अगदी अलीकडे होत्या. मग तशाच तक्रारी घेऊन येणाऱ्या इतर बायकांनाही मी दोरे देऊ लागले आणि त्यावरून उर्दूत चार पानं लिहिली. मोठ्या डॉक्टरांनी ती वाचली. अडाणी बायकांच्या गाठींवरून शास्त्र होत नसतं, असं ते शांतपणे म्हणाले आणि कागद परत दिले. मला राग यायला हवा होता. मी पुढच्या बाईला आत बोलावलं.

त्या वर्षी राजेश्वरच्या त्या बाईचं दुखणं वाढलं. मीच तिला आणि तिच्या नवऱ्याला प्रवासी मोटारीने गुलबर्ग्याला घेऊन गेले. तिथल्या सर्जनबाईंनी तपासून सांगितलं की पोट उघडावं लागेल. दोन्ही अंडाशयं खराब असतील तर काढावी लागतील, मग मूल कधीच होणार नाही. घरच्यांना समजावून कागदावर अंगठा घ्यायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं.

मी व्हरांड्यात जाऊन नवऱ्याला सगळं समजावलं. तो बिचारा रडला, मग त्याने अंगठा दिला. ती आत खाटेवर बसून होती. तिच्याकडे मी गेलेच नाही. तेव्हा हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोट उघडलं. दोन्ही अंडाशयं लिंबाएवढी फुगली होती, त्यांतून काकवीसारखं काळपट, दाट रक्त आलं. आतडं गर्भाशयाला चिकटलं होतं. सर्जनबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं निदान बरोबर होतं." मी हातात चिमटा धरून उभी होते. काहीच वाटलं नाही.

सातव्या दिवशी टाके काढताना मी तिला काय काढलं ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मालकाला ठावं होतं?"

"हो."

"मला कामून इचारलं न्हाई?"

मी म्हणाले की तसाच रिवाज आहे. मी उरलेले टाके काढले, पट्टी बांधली, हात धुतले. परतीच्या मोटारीत ती आणि नवरा पुढे बसले, मी मागे.

नवऱ्याने दुसरं लग्न केलं. दीड वर्षाने ती त्या मुलीला, आपल्या सवतीला, घेऊन दवाखान्यात आली. सतरा-अठरा वर्षांची, घाबरलेली. हिचंही पोट दुखायलंय, म्हणून आणलं, असं म्हणाली. मी तपासलं. तिला त्यातलं काही नव्हतं, नुसता अशक्तपणा होता.

"आन तुमचं कसं आहे, अक्का?" मी विचारलं.

"दुखत न्हाई आता. महिनाभर रानात असते." मग म्हणाली, "रात्री अंगातून वाफा निघायल्यात. घाम फुटतंय. हे थांबंल का?"

अंडाशयं काढली की तसं होतं, कमी होईल, पण वेळ लागेल, असं मी सांगितलं. तिने मान हलवली, मुलीचा पदर सारखा केला आणि दोघी जिना उतरून गेल्या. बाहेर बायका बसल्या होत्या. मी पुढचीला हाक मारली.