थोर आणि थोरली

सोजरबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला उलट उत्तर दिलं नाही. मांजरी गावात हा त्यांचा गुण म्हणून सांगतात. गुण कसला, धाकच तो! थोरली लेक यमुना लहानपणीच वारली तेव्हा नवऱ्याने, संपतने बजावलं, "तिचं नाव पुन्हा या घरात काढायचं न्हाय." पुढे विक्रम झाला, त्याच्या पाठीवर आणखी एक मुलगा झाला. विक्रमला सगळे थोरला म्हणू लागले आणि बाई गप्प राहिल्या. संपत वारला, उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तरी त्यांचं तोंड उघडलं नाही. बहीण होती हे विक्रमला ठाऊकच नव्हतं.

विक्रमची मुलगी उत्कर्षा चौथीत. तिच्या शाळेत रोज प्रार्थनेनंतर एक मूल माईकवर दिनविशेष सांगतं, म्हणजे आजच्या दिवशी कोण थोर माणूस जन्मला, कोण गेला. उद्या तिची पाळी होती आणि बाबाचा फोन काही मोकळा होईना.

"आजी, उद्याच्या दिवशी कुणी थोर गेलं होतं का गं?"

सोजरबाई मसूर निवडत होत्या. त्यांच्या कानाला थोर म्हणजे थोरलं. त्यातून उद्या पोळ्याचा आदला दिवस, लेक गेली तो, सकाळपासून मनात तेच घोळत होतं.

"थोरली गेली," त्या बोलून गेल्या. "यमुना. तुझ्याच शाळंत चौथीला व्हती. घरी येताना उसात पान लागलं."

साप चावला असं त्या भागात म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. आपण काय बोलून बसलो हे कळल्यावर बाईंनी मसुराचं ताट बाजूला सारलं. पोर खेळायला पळाली, तेव्हा विसरेल म्हणून त्यांनी कशीबशी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी दिनविशेष ऐकायला म्हणून विक्रमने लेकीबरोबर आईलाही स्कूटरवरून शाळेत आणलं. तो आणि सोजरबाई फाटकापाशी उभे असताना भोंग्यातून उत्कर्षाचा आवाज आला.

"आज थोर व्यक्ती यमुनाबाई संपतराव यांचा स्मृतिदिन. त्या आपल्याच शाळेत चौथीत होत्या. घरी जाताना त्यांना उसात पान लागले."

थोर माणसाला नुसतं यमुना कसं म्हणायचं, म्हणून पोरीने बाई लावलं होतं. मैदानावरच्या साऱ्या मुलांनी रिवाजाप्रमाणे हात जोडून माना खाली घातल्या. कोण या यमुनाबाई, म्हणून वर्गशिक्षिका श्यामलाबाई गोंधळून बघत राहिल्या.

सोजरबाईंनी फाटकाचे गज धरले.

विक्रम आधी हसला. "आये, हिनं आपल्या आबांचं नाव कुठं घातलं?" मग त्याने आईचं तोंड पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. आबांची लेक, आणि आपल्याला आठवतही नाही, म्हणजे आपल्या आधीची, हे त्याच्या ध्यानात आलं.

"आये," तो म्हणाला, "मग मी थोरला न्हाय?"

"न्हाय रं," सोजरबाई म्हणाल्या. "तू दुसरा."