अडीच किलो घाम

माझ्या मामेभावाला मी दोन महिने खाऊ घालून जाड केला आणि दोन दिवसांत पुन्हा बारीक केला. यातलं एकही काम मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिलं काम नुसतं हास्यास्पद होतं. दुसऱ्यात पोर जवळजवळ गेलंच होतं.

साल नेमकं आठवत नाही. मोठा दुष्काळ होऊन गेला होता आणि रेशनवर अजून ती लाल मिलो ज्वारी यायची. मी भिवंडीत एका सायझिंगमध्ये कारकून होतो. सायझिंग म्हणजे मागावर जाण्याआधी सुताला खळ लावण्याचा कारखाना. खळीत भिजलेलं सूत वाफेने तापलेल्या भल्यामोठ्या पिंपांवरून फिरत वाळतं आणि बीमवर, म्हणजे भल्या रुळावर, गुंडाळलं जातं. त्या बीमवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, एवढी माझी ड्युटी. उरलेलं सगळं आयुष्य मी आळीतल्या कबड्डी संघाला वाहिलं होतं. मला स्वतःला खेळता येत नव्हतं. जन्मात एकदाच चढाईला गेलो, तर मधली रेषा ओलांडून दोन पावलं टाकली आणि दम तुटला. अशा माणसाचं पुढे काय करतात? त्याला मॅनेजर करतात.

मामेभाऊ अंबाडीच्या पलीकडच्या एका गावातला. अठरा पुरी व्हायला काही महिने होते. आमच्याकडे राहून लूमवर जायचा आणि संध्याकाळी खेळायचा. अंगाने काटकुळा, पण चढाईला गेला की समोरच्यांना हा नक्की कुठे आहे तेच कळायचं नाही. मामी त्याला सोडायला आली तेव्हा ओट्यावर बसून मला म्हणाली होती, "बाला, एकलाच पोर हाय माझा. तुझ्या जिवावर ठेवतंय."

"मामी, काळजीच सोड," मी म्हणालो. माझ्याकडे तेव्हा ज्ञान नव्हतं, पण आवाज होता.

ज्ञान लवकरच मिळालं. एसटी स्टँडबाहेरच्या पथारीवर एक हिंदी पुस्तिका सापडली, बलवान कसे व्हावे छापाची. मुखपृष्ठावर फुगवलेल्या दंडांचा माणूस. आतली अर्धी पानं ब्रह्मचर्यावर, उरलेली दूध, तूप, बदाम आणि अंड्यांवर. ब्रह्मचर्याची पानं फाडून पोरांनी आपसांत वाटून घेतली, आहाराची माझ्या वाट्याला आली. मी नियम केले. भात बंद, भाताने पोट सुटतं. खेळाच्या दिवशी पाणी बंद, पाण्याने पाय जड होतात. सामन्याआधी प्रत्येकी दोन कच्ची अंडी. मैदानावर मला पाहिलं की पोरं ओरडायची, "डाक्टर आला रे, तोंडं उघडा!" एका सामन्यात आमच्या कोपऱ्यातल्या गड्याने समोरच्याला मिठी मारली आणि दोन्ही अंडी त्याच्या पाठीवर ओकली. पकड सुटली. अंडी शिळी होती, असं मी जाहीर केलं.

मामेभावावर माझा विशेष जीव. रोज लिटरभर दूध, सहा केळी, गूळ-शेंगदाणे, आणि वर पुन्हा दूध. बिचारा सगळं गिळायचा. "दादा, पोट फुटंल," एवढंच म्हणायचा. दोन महिन्यांत गाल वर आले आणि चढाई मंद झाली. मला फक्त गाल दिसले.

मग कुमार गटाच्या निवडीच्या स्पर्धेचा कागद आला. त्यात वजनाची अट होती. ती नेहमीच असायची म्हणे. ती वाचायची मॅनेजरची पद्धत नव्हती. सुताची पोती तोलायच्या काट्यावर मी त्याला उभा केला. अटीहून अडीच किलो जास्त. स्पर्धा परवावर.

तो काट्यावरून खाली उतरलाच नाही. मुंबईच्या एका गिरणीची माणसं पोरं हेरायला येणार होती. निवडलेल्याला गिरणीत नोकरी आणि गिरणीच्या संघात जागा.

"दादा, मला लूमवर न्हाय मरायचं," तो म्हणाला. "काय बी कर."

हे शेवटचे तीन शब्द माझ्यासारख्या माणसाला कधी सांगू नयेत.

भिवंडीत उष्णतेला तोटा नव्हता, आणि माझ्याकडे तर ती हाताशीच होती. दिवस चैत्राचे. दुपारी सायझिंगमध्ये शिरलं की पायताणाचे तळ मऊ पडत. मी त्याला तापल्या पिंपांच्या मागच्या बोळात बसवला, अंगावर घोंगडी, डोक्याला फडकं. अन्न नाही. पाणी म्हणजे ओल्या बोटाने ओठ पुसणं. तोंडात चिंचेचं बुटुक ठेवायचं, सुटलेली लाळ डब्यात थुंकायची. हे मी कुठे ऐकलं होतं देव जाणे. दर तासाने काट्यावर उभा करायचा. संध्याकाळपर्यंत सव्वा किलो उतरलं. मी खुशीत डब्याकडे बघून म्हणालो, "वा! ही बघ तुझी गिरणी." तो हसला. ओठाला चीर पडून रक्त आलं.

बॉयलरवर एक म्हातारा फायरमन होता, उत्तरेकडचा. सगळे त्याला चाचा म्हणत. त्याच्या कमरेला कायम मिठाची पुरचुंडी. तासाला गडूभर पाणी प्यायचा, चिमूट जिभेवर टाकायचा आणि पुन्हा भट्टीसमोर. तीस वर्षं आगीसमोर उभा राहिलेला माणूस. पण त्याच्याकडे पुस्तिका नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला हाक मारली. "बाबू, इधर आओ. लड़के को हाथ लगाओ."

मी घोंगडीत हात घातला. अंग कोरडं होतं. तव्यासारखं गरम आणि कोरडं.

"पसीना बंद हो गया," चाचा म्हणाला. "ये ठीक नहीं. नमक-पानी पिलाओ, अभी."

"चाचा, कल मैच है," मी म्हणालो. "बॉडी तैयार हो गई है."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग थुंकला, माझ्यावर नाही, पण फार लांबही नाही. "हमने बैल भी ऐसे तैयार होते नहीं देखा," म्हणाला आणि भट्टीकडे वळला. घामच निघायचा थांबला म्हणजे निघण्यासारखं काही उरलं नाही, हे मला कळलं होतं. फक्त मला ती यशाची खूण वाटली. बोळात मामेभाऊ डोळे मिटून बसला होता. पिंपं फिरत होती आणि त्यांच्यावरून पांढरं सूत ओलं जात होतं, कोरडं येत होतं.

सकाळी वजन भरलं तेव्हा काटा अटीच्या आत एक बोटभर थांबला. पोरांनी त्याला उचलून घेतला. उचलताना एकजण म्हणाला, "आयला, ह्याच्यात काय राहिलंच न्हाय रे." सगळे हसले.

सामन्याला अजून सहा तास होते. या सहा तासांत पाण्याचा एक माठ, थोडं मीठ आणि ताटभर मऊ भात मिळाला असता तर ही गोष्ट मी लिहिलीच नसती. पण नियम म्हणजे नियम. मी त्याला अर्धा लिटर दूध पाजलं, वर दोन चमचे तूप. ते तिसऱ्या मिनिटाला गटारात गेलं. "पानी दे ना, दादा," तो म्हणाला. मी चूळ भरायला दिलं आणि समोर उभा राहून थुंकायला लावलं. तो प्रामाणिकपणे थुंकला. त्या चुळीचं पाणी मातीत जिरलं तेवढ्या जागेकडे तो बराच वेळ बघत होता.

चार वाजता सामना सुरू झाला. पहिली चढाई त्याची. गेला, डावीकडे झुकला, आणि "कबड्डी कबड्डी" असं म्हणताना मधलं जोडाक्षरच गळू लागलं. जीभ टाळूला चिकटत होती. पंचाने शिट्टी मारली, दम तुटला. बाद होऊन बाहेर बसला, जिवंत होऊन आत आला, तर दुसऱ्या चढाईत पुन्हा तेच. आमची पोरं ओरडली, "अरे तोंड उघड, लग्नात बसलायस काय?" गिरणीची माणसं आपसांत बोलू लागली. तिसऱ्या चढाईत तो रेषेच्या पलीकडे नुसताच उभा राहिला. समोरचे गडी पकडायला पुढे आले आणि थांबले, कारण तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. पोटऱ्यांत एकदम गोळे चढलेले मला लांबूनही दिसले, कातडीखाली उंदीर पळावेत तसे. मग तो आडवा झाला.

हातगाडीवर घालून त्याला जवळच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नेला. वर दोन खाटा होत्या. डॉक्टर वयस्कर आणि तोंडाचे फटकळ. अंगावर ओली चादर टाकली, सलाईन लावलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "लघवी होते का बघा. झाली तर पोर तुमचं. नाही झाली तर मूत्रपिंडं बसली समजा. मग मुंबईला हलवा, आणि पुढचं मला विचारू नका."

त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी आम्हा सगळ्यांना जगात दुसरी गोष्टच उरली नाही. अख्खा संघ दवाखान्याच्या जिन्यावर. कोणी वरून उतरलं की सगळे उठायचे, "झाली?" "न्हाय." पुन्हा बसायचे. गुरासारख्या खांद्याचे दोन बचावपटू खाटेपाशी उभे राहून, तान्ह्या पोराला करतात तसं "शूऽऽ, शूऽऽ" करत होते. नर्सने त्यांना हाकललं. एकाने खालचा नळ बारीक सोडून ठेवला. मला हसू आलं, आणि आलेलं हसू तसंच घशात राहिलं, कारण बाटलीमागून बाटली त्याच्या आत चालली होती आणि बाहेर काहीच येत नव्हतं. एवढं पाणी जातंय कुठे? निवड झाल्याची यादी कोणीतरी घेऊन आलं. ती कोणी उघडलीच नाही.

सकाळच्या एसटीने मामी आली. निरोप्याने काय सांगितलं होतं कोण जाणे, पण ती रडली नाही. पदर खोचला, खाटेच्या पायथ्याशी बसली आणि त्याचे तळवे चोळू लागली. मी खिडकीत उभा होतो, चिठ्ठी नसलेल्या बीमसारखा.

दुपारी बाराच्या सुमाराला झाली. जेमतेम वाटीभर, काळ्या चहासारखी. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, हलवली. पंधरा-वीस माणसं त्या बाटलीकडे बघत होती. "रंग वाईट आहे," ते म्हणाले, "पण रस्ता उघडलाय. पाजत राहा." जिन्यावर ओरडा झाला.

मग डॉक्टरांनी तोंड सोडलं. भात-पाणी बंद होतं, एवढं त्यांना पोरांकडून कळलं होतं. "घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठ जातं. भात म्हणजे रॉकेल. स्टोव्हमधलं रॉकेल काढून घेतलंत आणि पेटत नाही म्हणून पंप मारत बसलात. कोणी सांगितलं होतं याला पाणी बंद करायला?"

पोरं माझ्याकडे बघत नव्हती, त्यावरूनच कोणालाही कळलं असतं.

"म्याच," खाटेवरून आवाज आला. फाटका, बारीक. "म्याच बंद केलं. पुस्तकात व्हतं."

"पुस्तकात!" मामी म्हणाली. "चवथीत शाळा सोडलीस. तू कदी पुस्तक वाचलंस रं?"

बोलायची वेळ माझी होती. तोंड उघडलंही होतं मी. पण डॉक्टर "मूर्ख पोरगा" म्हणत खाली उतरले, आणि ते जिन्यावरून पुरते उतरेपर्यंत मी तोंड मिटलेलं होतं. पुढची पंचवीस वर्षं मिटलेलंच राहिलं. तो बरा झाला, गावी गेला, शेती करतो. कबड्डी पुन्हा खेळला नाही. त्याने कोणाला सांगितलं नाही, मीही नाही.

त्या दुपारी मामीने खालच्या चुलीवर पेज शिजवून आणली. तांदळाची, पातळ, मीठ घातलेली. एक घोट त्याला पाजेल असं वाटलं, पण तिने वाटी आणि चमचा माझ्यापुढे धरला.

"तू भरव," ती म्हणाली. "मी बघतंय."

मी खाटेच्या कडेला बसलो. चमचा भरला. चमचा तिरका झाला, थोडी त्याच्या गळ्यावर सांडली. त्याने तोंड उघडलं.

"थांब," मामी म्हणाली. तिचे डोळे माझ्या हातावर होते. "आदी तू चाख."