काकी, दार

भूत, आत्मा, लागीर – असलं मी कधी मानलं नाही. तीस वर्षं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या फौंड्रीत लोखंड ओतलं. देवळात गेलो ते बायको ओढून न्यायची म्हणून. शिक्षण सातवी, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या... पण घडलं ते असंच घडलं.

आमच्या शेजारी रॉन. तोही फौंड्रीतलाच. नवराबायको दोघं कामाला, म्हणून त्यांचा पोरगा कॉलिन शाळा सुटली की आमच्याकडं. आम्हाला मूल नाही. माझ्या बायकोनं, सुमननं, त्याला वरणभात भरवून वाढवला. मागच्या गेटातून ओरडायचा – "काकी, दार." एवढंच मराठी यायचं त्याला, आणि ते 'दार' पण 'डार'.

पुढं तो आर्मीत गेला. एकोणीस वर्षांचा असताना उत्तर आयर्लंडात मेला. तिथल्या बंडखोरांनी रस्त्याखाली बॉम्ब पुरला होता, त्यात त्यांची लॉरी उडाली. वाचले ते शेजारच्या दगडी भिंतीआड पळाले. ते तिथंच पळणार हे ओळखून दुसरा बॉम्ब भिंतीतच ठेवला होता. कॉलिन पहिल्यातून वाचलेला. सुमन तेच धरून बसायची – "अहो, म्हणजे त्याला वाटलं असेल, सुटलो."

२००५ साली सुमन कॅन्सरनं गेली. रॉनची बायको आधीच गेलेली. पुढच्या वर्षी मे महिन्यात रॉन म्हणाला, "डॅटू, मला ती जागा बघायचीय. एकट्याला जमायचं नाही." माझं नाव दत्तू.

मी म्हटलं, "वाटेत मेलास तर मी उचलणार नाही. माझी पाठ गेलीय."

"तू आधी मरशील," तो म्हणाला.

गेलो. बेलफास्टपर्यंत फेरीबोट, मग टॅक्सी.

सकाळचे अकरा वाजलेले. लख्ख ऊन. सीमेजवळचा शेतातला रस्ता, परत बांधलेली भिंत, पलीकडं गाई. टॅक्सीवाला काचा वर करून आतच बसला. रॉन गुडघे टेकून फुलं ठेवत होता, मी चार पावलं मागं... आणि भिंतीपलीकडून हाक आली.

"काकी, डार."

मी बघितलं. गवत, गाई. माणूस नाही. परत आली – "काकी, डार." या वेळी घाईची.

मी ओ दिली नाही. आमच्या गावाकडं सांगतात, हाक मारणारा दिसत नसेल तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारतो, दुसरं काही असेल तर नाही. हे मी मानतो का? नाही. पण लहानपणी आईनं तोंडावर हात दाबून शिकवलेलं. तोंड मिटलं ते मिटलंच. तिसरीची वाट बघत राहिलो. सुमन पहिल्या हाकेलाच पळाली असती.

तिसरी आली नाही.

रॉन एका कानानं बहिरा. तरी तो वळला. चेहरा उतरलेला. "तुमच्या गेटातून मारायचा तीच हाक," म्हणाला. मग भिंतीकडं बघून – "मला नाही मारली. बापाला नाही मारली त्यानं."

मी शेताचं गेट उघडून शेण तुडवत पलीकडं जाऊन आलो. कोणी नाही. टॅक्सीवाल्याला विचारलं, त्यानं काहीच ऐकलं नव्हतं. आणि त्या रानात मराठी बोलणार कोण?

परतीच्या फेरीबोटीत रॉननं विचारलं, "तू उत्तर दिलंस ना त्याला? मला ऐकू आलं नसेल."

"दिलं," मी म्हटलं.

"काय म्हणालास?"

"आलो रे, म्हटलं."

अर्थ सांगितला. त्यानं मान हलवली, चहा संपवला, आणि बेलफास्ट सोडल्यापासून पहिल्यांदा डोळे मिटले. दोन वर्षांनी तो गेला. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

माझी जीपी, म्हणजे इथली डॉक्टरीण, म्हणाली, दुःखात माणसाला काहीही ऐकू येतं. येत असेल. पण दोन म्हाताऱ्यांना एकाच वेळी, तेच दोन शब्द? कोणाकडं उत्तर असेल तर कळवा. मला एवढंच कळतं – पोरगं बोलवत होतं, आणि मी हाका मोजत उभा होतो.