चंद्रोदयापर्यंत फोन नाही

संकष्टीला मी दिवसभर उपाशी राहू शकते, पण फोनशिवाय तासभरही नाही, हे मला चंडीगढला आल्यावर कळलं. औषधशास्त्राचं शेवटचं वर्ष होतं. एका संकष्टीच्या दुसऱ्याच दिवशी प्रबंधाचं प्रकरण द्यायचं होतं; ते दिलं नाही, तर आख्खं सत्र वाया जाणार होतं. रोज ठरवायचे, आज लिहायचंच. रोज ‘पाच मिनिटं’ म्हणून फोन उचलायचे आणि दुपार संपलेली असायची. देवावर श्रद्धा होती. स्वतःवरचा विश्वास मात्र उडाला होता.

म्हणून त्या संकष्टीला अन्नाबरोबर फोनचाही उपास धरला. सकाळीच तो बंद करून खाली राहणाऱ्या घरमालकीण आंटींकडे दिला. कारण सांगायला लाज वाटली. “चाँद निकलने तक रख लीजिए,” एवढंच म्हटलं.

“रख लिया, पुत्तर. अब माँगेगी तो भी नहीं दूँगी!”

लॅपटॉपला इंटरनेट फोनवरूनच मिळायचं, त्यामुळे तीही वाट बंद. हात सारखा उशीपाशी जायचा, रिकामा परत यायचा. प्रत्येक वेळी बाप्पाचं नाव घेऊन पुढचं वाक्य लिहायचे. संध्याकाळी थोडंच उरलं, तेव्हा चूक ध्यानात आली. चंद्रोदयाची वेळ फोनमध्येच होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात मुंबई-पुण्याच्या वेळा. बाहेर धुकं इतकं, की समोरचं घरही दिसेना. फोन फक्त वेळ बघायला घ्यावा, असं वाटलं. ते ‘फक्त’ माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. तरी जिना उतरू लागले. मध्येच थांबले. “बाप्पा, माझ्याच्यानं होत नाहीये. आता तू सांभाळ,” एवढंच मनात म्हटलं आणि परत येऊन लिहायला बसले.

शेवटचा परिच्छेद संपत आला आणि गच्चीवरून हाक आली, “पुत्तर, भाग के आ! तेरा चाँद निकल आया!”

आंटी शाल गुंडाळून उभ्या होत्या. धुकं जरासं विरलं होतं, तेवढ्यातून चंद्र दिसत होता. “करवा चौथ पे मुझे भी ऐसे ही तरसाता है. तेरे अंकलजी का रिश्तेदार लगता है!” मला हसू आलं आणि रडूही.

आरती मी नेहमी फोनमध्ये बघून म्हणते. त्या दिवशी पाठ होती तेवढीच म्हटली. अडले तिथे आंटी टाळ्या वाजवत राहिल्या. मग त्यांनी फोन पुढे केला.

“सुबह दे दीजिए, आंटीजी.”

त्या थंडीत त्या किती वेळ उभ्या होत्या, मी विचारलं नाही. संयम म्हणजे स्वतःशी एकटीनं झगडणं, असं मी समजत होते. आता दर संकष्टीला फोन खाली देते आणि जिना चढताना हात जोडते. माझी पकड सुटते तिथे बाप्पा कुणाला तरी गच्चीवर उभं करतो.