बिब्ब्याचे तीन वण

बिब्बा जळाल्याचा वास आला की माझा दंड अजून आखडतो. निजामाच्या राज्यात शाळेत नाव घालायला मास्तरांना दंडावरचे देवीची लस टोचल्याचे वण दाखवावे लागत, आणि टोचून घेतलं की देवी कोपते, असं माझे वडील, अप्पा, म्हणत. म्हणून त्यांनीच मला भुईवर पाडून छातीवर गुडघा रोवला, तोंडात फडकं कोंबलं. "गप पड. साळंत जायचंय का न्हाई?" सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर तापवून त्यांनी त्याचे तीन चटके दंडावर दिले. कातडी चरचरली. महिन्यानं मास्तरांनी ते वण चाचपले, "टीका हुआ", म्हणजे लस टोचलीय, म्हणाले नि नाव लिहून घेतलं. मास्तर फसले. उन्हाळ्यात गावात देवी आल्या, त्या फसल्या न्हाईत. शाळा शिकले म्हणून हे लिहायलेय, उरलेल्या एका डोळ्यानं.