दमाची जडी

मला कुणी ‘आदर्श’ म्हटलं की घशाशी आंबट येतं. आजही येतं. परवा शाळेनं शाल घालून मला स्टेजवर बसवलं आणि एक तरुण शिक्षक सांगू लागला, की या माणसानं मैदानावर पोरं घडवली, नुसतं यांच्याकडे बघून पोरं शिकली. बघून शिकली, हे अगदी खरं. लोकांना वाटलं, म्हातारा लाजून मान खाली घालतोय. मी ओकारी आवरत होतो.

इंग्रज जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. वाशीमच्या बाजूच्या एका मिडल स्कूलमध्ये मी ड्रिल मास्तर होतो. शिट्टी मारली की पार मेडशीच्या शिवारात औताचे बैल थांबायचे. छाती अशी, की सदऱ्याची बटणं टिकत नसत. रोज संध्याकाळी हुतूतूच्या आधी पोरांना रांगेत उभं करून मी पाव तास व्यसनांवर भाषण झोडायचो. तंबाखू म्हणजे विष, तंबाखू म्हणजे देशद्रोह. आणि हे बोलताना माझ्या डाव्या गालात तंबाखूचा गोळा असायचा, लिंबाएवढा. बरं, लिंबाएवढा नसेल, बोराएवढा धरा. मैदान आखायला शाळेतून चुना मिळायचा, त्यातला निम्मा माझ्या डबीत जायचा. म्हणून आमच्या मैदानाची मधली रेघ कायम राखेची होती. भाषण संपलं की मी कडुलिंबाच्या झाडामागे जाऊन पिचकारी मारायचो. त्या बाजूचं खोड तपकिरी झालं होतं.

आमच्या चमूत एक माळ्याचा पोट्टा होता. बापाचा गावाला लागून वांग्या-मेथीचा मळा. या पोट्ट्याचा दम काय सांगू! एकदा ‘हुतूतू’ धरलं की मळ्यातली बाई वाफाभर मेथी खुडून जुड्या बांधून घरी जाई, तरी याचं चालूच. पोराला रोज सरावाला सोडा, असं सांगायला मी बापाकडे गेलो. तो मोट हाकत होता. बैल न थांबवता म्हणाला, “मोटेवर हाच एक हाये मले. तरी देतो. पण एक सांगतो, मास्तर. पोट्टा तुमच्यासारखा झाला पायजे.”

मी छातीवर हात ठेवला. खोटं बोलायचं असलं की माझा हात आपोआप छातीवर जातो. म्हणालो, “हुबेहूब होईल.”

एक दिवस कडुलिंबामागे पिचकारी मारताना त्यानंच मला गाठलं.

“गुरुजी, गालात काय हाये जी?”

“जडी.”

“कायची?”

“दमाची. सातपुड्यातल्या एका साधूनं दिली. हिच्या जोरावर मी एका दमात शेलूबाजारहून मंगरूळले गेलो होतो.”

“बंडीत बसून?” मागून एक टवाळ पोट्टा म्हणाला.

माळ्याचा पोट्टा मात्र हसला नाही. “मले भेटन काय?”

“वयात आल्यावर,” मी म्हणालो. हात छातीवर होताच.

तुम्ही म्हणाल, खेड्यातल्या पोराला तंबाखूचा वास कळू नये? वास त्याला चांगला कळत होता. पण रोज तंबाखूला शिव्या देणारे गुरुजी तंबाखू खातील कसे? तेव्हा ही जडीच असली पाहिजे. स्वतःच्या नाकापेक्षा त्यानं माझ्या तोंडावर विश्वास ठेवला. या घाणेरड्या तोंडावर!

पुढे शेलूबाजारला सामने झाले. माळ्यानं स्वतःची बंडी जुंपून आम्हाला नेलं. तिथला एक म्हातारा हलवाई खेळवेडा होता. आलेल्या प्रत्येक पोराला त्यानं स्वतःच्या हातानं, आग्रह करकरून जिलबी खाऊ घातली.

शेवटचा सामना त्यांच्याच चमूशी होता. शेवटची चढाई उरली होती, आणि ती आमच्या पोट्ट्याची होती. माझा कोट मी सांभाळायला त्याच्याकडेच दिला होता. डबी कोटाच्या खिशात. त्यानं जडी काढली, चिमूटभर नाही, होती तेवढी सगळी गालात कोंबली आणि गेला.

“हुतूतूतूतू...” दोघांना शिवला. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. वळला, आणि मला दिसलं, पोट्ट्याचा चेहरा कच्च्या वांग्यासारखा हिरवा. दम सोडता येईना आणि गिळल्याशिवाय राहवेना. त्यानं गिळलं. मधल्या रेघेवर पाय ठेवला आणि तिथंच भडभडून ओकला. जिलबी, सकाळची भाकर, आणि त्यात तो तपकिरी रस. सगळं पंचाच्या पांढऱ्या धोतरावर! तो वास इतका ओळखीचा होता, की माझी जीभ आपोआप डाव्या गालाकडे गेली.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. आणि मी काय केलं? छातीवर हात ठेवून ओरडलो, “जिलबीत घातलं काही तरी! आपल्या पोट्ट्यावर डाव केला!”

आमची माणसं उठली. हलवाई पुढे आला, हाताला अजून पाक चिकटलेला. “मास्तर, माह्या हातानं वाढलं जी मी. मी काहून काही घालीन?”

तेवढ्यात पोट्टा तोंड पुसत उठला. माझ्याकडे पाहिलं. उजवा हात छातीवर ठेवला आणि म्हणाला, “मी पाह्यलं. कागदाच्या पुडीत निळी भुकटी होती. टाकताना हा म्हातारा हसून राह्यला होता.”

पुडी, निळी भुकटी, वरून ते हसणं! अशी नक्षी काढायला मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. तो बघून शिकला होता. आवाज माझा, हात माझा, डोळे न हलवता बोलणंही माझंच. आरशात स्वतःला ओकताना बघावं तसं झालं मला. धोतरावरची ती घाण त्यापुढे काहीच नव्हती.

माळ्यानं बंडीच्या कडेचा उभा दांडा, उभारी, उपसली. शांतपणे हलवायाकडे निघाला. “माहा पोट्टा खोटं नाई बोलत,” एवढंच म्हणाला. हलवायानं डोक्यावर हात धरले. सागवानी उभारी, आणि म्हाताऱ्याचं डोकं वाळक्या भोपळ्याएवढं. एका घावाचं काम होतं.

मी मधे गेलो. गालात बोट घालून गोळा काढला आणि तळहातावर धरला. थुंकीचा धागा सगळ्यांना दिसला.

“हे पाहा,” मी म्हणालो. “तंबाखू हाये. पोट्ट्यानं माह्या डबीतली खाल्ली. जडी म्हणून मीच सांगितलं होतं त्याले.”

माळ्यानं आधी पोराचं तोंड हुंगलं, मग माझा तळहात. उभारी खाली टाकली. पोराला मानेला धरून हलवायाच्या पायावर वाकवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तुमीबी पडा, मास्तर.”

मी वाकलो. हलवायानं पाय मागे घेतला. “आधी हात धुऊन या.”

परतताना मी बंडीच्या मागून चालत आलो. बंडीत बसा, म्हणालं नाही कुणी.

पोट्टा आता मोटेवर गेला, असं मी धरूनच चाललो होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाप त्याला घेऊन मैदानावर हजर. सगळी पोरं रांगेत होती. मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला, “भाषण राहू द्या. आ करा.”

“कायले?”

“पोट्टा तुमालेच पाहून शिकून राह्यला. काय शिकून राह्यला, ते मी बी पाहतो.”

मी आ केला. एकेक पोट्टा येऊन वाकून पाहू लागला. “अरे बाप्पा, दाढा पाह्य कशा काळ्या हाये!” “अबे, मागं सर, वास येऊन राह्यला!” कुणी नाक धरलं, एकाला खरंच उमासा आला. सगळ्यात शेवटी माळ्याचा पोट्टा आला. नाक जवळ आणून त्यानं नीट हुंगलं आणि बापाला म्हणाला, “आज नाई हाये.”

ती आमची रीतच झाली. रोज सरावाआधी भाषणाच्या जागी माझं तोंड. पहिले आठ दिवस मला झाडाची साल खावीशी वाटली. एकदा खाल्लीही. तंबाखू सुटली. मधली रेघ चुन्याची झाली.

खोटं बोलणं मात्र सुटलं नाही. ते हाडात असतं. पण छातीकडे हात निघाला की रांगेतून त्याचा आवाज यायचा, “गुरुजी, हात!”

परवा स्टेजवर सत्काराला उत्तर द्यायला उभा राहिलो. ‘या मुलांना मी...’ एवढं म्हणेपर्यंत हात निघाला होता. पहिल्या रांगेत पिकल्या केसांचा एक माळी बसला होता. तो नुसता खाकरला. मी हात खाली घेतला आणि शेलूबाजारची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. लिंबाएवढा गोळा म्हणालो, तेव्हा तो पुन्हा खाकरला.