काकांची कुरकुर

सक्तीच्या भरतीचं बोलावणं आलं तेव्हा काका एका गिऱ्हाइकाच्या न्हाणीघरात नळ दुरुस्त करत उताणे पडले होते. प्रत्येकाला एक वर्ष सैन्यात काढावं लागे. काकांनी शिक्षण, लग्न, मुलगी, कंबर अशी कारणं देत ते पुढे ढकललं होतं. कारणं संपली. काका बराकीत आले.

आम्ही बाकीचे विशीतले. मी साहित्याची पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलो होतो. ते पस्तिशीचे. म्हणून काका. मेजरही त्यांच्याहून लहान होता. त्याला त्यांना अरे-तुरे करता येईना. पहिल्याच परेडला तो म्हणाला, "काका, बंदूक जरा वर धरता का?"

"धरतो की. पण ही वाकडी आहे."

"तुम्ही वाकडे आहात, काका."

"वयोमानाने होतं, साहेब."

काकांची कुरकुर पहाटे सुरू व्हायची. बराकीमागे सिमेंटचं लांब टाकं होतं, त्यावर नळांची रांग. पाणी बर्फासारखं. काका तोंडावर हबका मारत आणि म्हणत, "हा नळ बसवणाऱ्याला माझ्यासमोर आणा." मग बुटांचा नंबर. "हा बूट ज्याच्या मापाचा आहे तो माणूस अजून जन्माला यायचाय." शेजारचा जेवणातल्या पाणचट सुपाबद्दल बोलायचा, त्याच्या पलीकडचा गादीबद्दल. परेडला उभे राहीपर्यंत आमची पोटं हसून दुखलेली असायची. लांबच्या पायपिटीत कोणी मागे पडत नसे. मागे पडलं तर काकांचं पुढचं वाक्य हुकायचं.

आम्हाला कोणी विचारून आणलं नव्हतं. त्यामुळे कुरकुरीवर सगळ्यांचा सारखा हक्क होता.

मग कायदा बदलला. सक्ती संपली. ज्याला राहायचंय त्याने राहावं, बाकीच्यांनी घरी जावं. मेजरचा हुकूम वाचून व्हायच्या आत काकांची पिशवी भरलेली होती. मी राहिलो. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

"पदवी वाया गेली, आता स्वतःही वाया जा," काका म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेले.

नवी मुलं आली. स्वखुशीने आलेली. दणकट, शिस्तीची, बिगुलाआधी उठणारी. त्या गार पाण्याने ती मुकाट तोंड धुवायची. चुकून कोणी हुं केलं तर दुसरा लगेच म्हणे, "तुला कोणी बोलावलं होतं?"  मुलं सगळं गिळत. आणि एक दिवस कोणीतरी गुपचूप पिशवी उचलून चालता होई. सुरुवातीच्या महिन्यांत तशी मुभा होती. खाटा रिकाम्या होऊ लागल्या. आणखी गळती झाली तर तुकडी मोडून दुसरीत घालू, असं वरून मेजरला कळवण्यात आलं.

मेजरने उपाय काढला. चहानंतर सगळ्यांना रांगेत उभं केलं. "आता दहा मिनिटं कुरकुर. पहिल्यापासून."

"तक्रार नाही, सर."

"पुढचा."

"तक्रार नाही, सर."

सगळ्यात उंच मुलगा बिचारा खूप विचार करून म्हणाला, "सर, कुरकुरीला दहा मिनिटं थोडी कमी पडतील." मी हसलो. एकटाच हसलो.

त्याच आठवड्यात फाटकापाशी नळदुरुस्तीची गाडी थांबली. काकू चालवत होत्या. शेजारी काका, मांडीवर हात ठेवून, शहाण्या मुलासारखे.

"साहेब, काय केलंत तुम्ही या माणसाचं?" काकूंनी मेजरला विचारलं. "घरी आल्यापासून गप्प आहे. काल म्हणाला, जेवण छान झालंय. लग्नापासून कधी म्हणाला नव्हता. मी घाबरले."

"आमचीही तुकडी गप्प आहे," मेजर म्हणाला. मग काकांकडे वळला. "काका, भरती व्हा. आता पगारही बरा आहे."

"स्वखुशीने?"

"स्वखुशीने."

काकांनी बुटांकडे पाहिलं. "मग कुरकुर कोणत्या तोंडाने करू?"

मेजरने टोपी काढून डोकं खाजवलं.  एवढी पुस्तकं वाचून मलाही काही सुचलं नाही.

फाटकातून बराकीमागचं टाकं दिसत होतं; काकूंचं लक्ष तिकडे गेलं. "अहो, तो नळ गळतोय."

काकांनी मान वळवली.

दुसऱ्या दिवसापासून काका रोज पहाटे यायला लागले. सैनिक म्हणून नाही, नळवाले म्हणून. टाक्याखाली उताणे पडायचे आणि खालून बोलायचे. "ही जोडणी कोणी केली? माणसाने केली का?" वर मुलं तोंड धुवायची आणि ऐकायची. काही दिवस कोणी बोललं नाही. मग एकदा तो उंच मुलगा हळूच म्हणाला, "पाणी फार गार आहे."

"तुला कोणी बोलावलं—" शेजारच्याने सुरुवात केली.

"मी लग्नसुद्धा स्वखुशीनेच केलंय," टाक्याखालून काका म्हणाले. "म्हणून काय जन्मभर तोंड शिवून बसू?"

 मग उंच मुलगा म्हणाला, "आणि बूट चावतात." त्याच्या शेजारचा म्हणाला, "चावतात तरी. माझे गिळतात." परेडला त्या दिवशी उशीर झाला. मेजर घड्याळाकडे न बघता उभा होता.

त्यानंतर कोणी पिशवी उचलली नाही. तुकडी राहिली. काकू सांगतात, घरी आता मीठ रोज चुकतं.

मध्यंतरी वरून पाणी तापवायचा नवा बंब आला, काकांनी जोडला, आणि एका पहाटे नळांना गरम पाणी आलं. मुलांनी तोंडं धुतली, एकमेकांकडे पाहिलं. कोणाला काही सुचेना. परेडला सगळे गंभीर चेहऱ्याने उभे.

दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा गार.

"बंबाचा वॉशर गेला," काका मेजरला म्हणाले. "मिळायला वेळ लागेल."

तो वॉशर त्यांनी खिशात टाकताना मी पाहिला होता. मी ओंजळीत पाणी घेतलं, तोंडावर मारलं, आणि नळ बसवणाऱ्याच्या नावाने मोठ्याने खडे फोडले.